ते लेबल पावसात भिजलं नव्हतं

बाळाराम, तुझ्या कॅसेटवरचं लेबल मी ब्लेडनं खरवडलं होतं. आधी बोटानं पाणी लावून कागद मऊ केला, मग एका कडेनं सोलत आणला. उरलेला डिंक टेपचं हेड पुसायच्या स्पिरिटनं काढला. कॅसेट अशी स्वच्छ झाली, की जणू आत्ताच कारखान्यातून आली असावी. तुला मी सांगितलं, की दुकान गळलं, ओल आली, शाई गेली. तू मान वर करून छताकडे बघितलंस. छत कोरडं होतं, पोपडासुद्धा नव्हता. "असंल," म्हणालास आणि चहा सांगितलास.

या "असंल"वर मी नऊ वर्षं काढली.

आज तुला जाऊन अठरा दिवस झाले. तुझ्या बाराव्याला तुमच्या गावी, करंज्याला, इतकी माणसं होती, की चपला अंगणातून पार ओढून ठेवलेल्या होड्यांपर्यंत गेल्या होत्या. खरं सांगतो, त्या चपला बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या वेळी एवढ्या येतील का. रडू त्यानंतर आलं. मेलेल्या मित्राचासुद्धा हेवा करणारा माणूस मी. तू जिवंत असताना काय करत असेन, ते तुला वेगळं सांगायला नको.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा तुझ्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पंधरा-वीस कॅसेट. पनवेलला तेव्हा गाणी भरून देणारी दुकानं तीन होती. त्यात माझं नाव होतं, कारण मला सुरांतलं कळतं असं लोक म्हणायचे. वडिलांनी नोकरी सांभाळून मला पेटी शिकवली होती, शिवाय आमची बँजो पार्टी होती. हळदीला, गणपतीला बोलावणी असायची. पार्टीत मी कॅसिओ वाजवायचो, गजानन ढोलकी, रमाकांत बँजो. तू जहाजावरचा खलाशी, नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी. पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणालास, "शेट, याच्या कापी मारशील का? पन वरचं कमी ठेव, खालचं वाढव."

मी पहिली कॅसेट लावली आणि लगेच मशीन बंद केलं. मला वाटलं पट्टा सैल झालाय. गिटारवाला प्रत्येक वेळी उशिरा येत होता आणि ढोल जिथं पडायला हवा तिथं पडतच नव्हता. तुला म्हटलं, की हे लोक चुकताहेत.

"चुकत नाय ते," तू म्हणालास. "जिथं आपला पाय पडतो, तिथं ते पाय टाकतच नाय. जागा सोडतात. त्या जागेत नाचायचं."

तुझं जहाज दुरुस्तीसाठी जमैकात किंग्स्टनच्या धक्क्याला अडकलं होतं, ते तू त्या दिवशी सांगितलंस. धक्क्यावरच्या वखारीत एक म्हातारा पहारेकरी होता. तरुणपणी तो ट्रंपेट वाजवायचा. अनाथ पोरांच्या एका शाळेत नन लोकांनी बँड शिकवला होता, त्यातून असे कितीतरी वादक निघाले म्हणे. एकदा त्याच्या रेडिओवर जुनं, धावत्या चालीचं एक गाणं लागलं. तो हातातलं खाणं खाली ठेवून म्हणाला, तो भोंगा माझा आहे. गाणं संपल्यावर निवेदकानं गाणाऱ्याचं नाव सांगितलं. भोंग्याचं कुणी सांगितलं नाही. म्हाताऱ्यानं पुन्हा खायला घेतलं.

ही गोष्ट तू मला किती वेळा सांगितली असशील. मी तुला चिडवायचो, की तुझा म्हातारा दर वेळी वेगळंच खातो.

त्या म्हाताऱ्यानं तुला सगळं क्रमानं दिलं होतं आणि तू ते मला दिलंस. आधी स्का, म्हणजे पळणारी चाल, भोंग्यांचा थाट. मग कुणीतरी चाल संथ केली, भोंगे मागे सरले आणि खालचा आवाज, तो बेस, पुढे आला. मग रेगे. डोंगरातल्या जटावाल्यांचे हाताचे ढोल त्यात आले. मग मशीनवर बसणारे आले. त्यांनी तयार गाण्यातून गाणाराच काढून टाकला आणि नुसता ठेका ठेवला. त्या रिकाम्या ठेक्यावर गल्लीतली पोरं माइक धरून बोलायला लागली, आणि त्यातून डान्सहॉल निघालं. तू प्रत्येकाचं नाव घ्यायचास. ढोलवाल्याचं, बेसवाल्याचं, बटणं फिरवणाऱ्याचंसुद्धा. आपल्या आळीतल्या माणसांची घ्यावीत तशी. ती नावं मी इथं लिहीत नाही. नावांच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी वागलेलो नाही.

आणि एक दिवस तू लेबलांची गोष्ट सांगितलीस. तिथं ट्रकवर कर्णे लादून गल्लोगल्ली गाणी लावणारे होते. एकमेकांचे पक्के वैरी. एखादी तबकडी गाजली, की तिचा मालक वरचं लेबल खरवडून टाकायचा. म्हणजे गाणं कुणाचं, हे शेजारच्या ट्रकवाल्याला कळायला नको. वर्षानुवर्षं लोक एखाद्या गाण्यावर नाचायचे आणि ते कुणाचं हे मालकाशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं. मी म्हटलं, डोकेबाज लोक. तू हसला नाहीस. म्हणालास, "म्हाताऱ्याला इचार."

मला वाटतं त्या दिवशीच ही युक्ती माझ्या डोक्यात जाऊन बसली. तू मला दुःख म्हणून सांगितलंस आणि मी ती युक्ती म्हणून ठेवून घेतली.

हेवा कधी सुरू झाला ते मात्र मला नेमकं माहीत आहे. नेरे गावची हळद. दुसऱ्या खेपेला येताना तू कुठल्याशा बंदरातून जुनी बेस गिटार आणली होतीस आणि आमच्यात वाजवायला लागला होतास. ऊन उतरलं होतं, मांडवात बायका नाचत होत्या. तू गजाननला खूण केलीस आणि त्यानं ढोलकीची पहिली थाप सोडली. तीच आपली रोजची चाल, पण पायाखालची फळी काढल्यासारखी. बायका अडखळल्या, हसल्या, थांबल्या. तू माझ्याकडे वाकून म्हणालास, "शेट, हात वर ठेव. पडू दे त्यांना." मला जमेना. माझा हात पहिल्या ठोक्यावर पडतच होता. वीस वर्षांची सवय, मोकळी जागा दिसली की भरायची. दोनदा सांगून झाल्यावर तू अगदी प्रेमानं म्हणालास, "तू एक गानं बस."

मी बसलो आणि गाणं उभं राहिलं. नेऱ्याच्या त्या मांडवात सत्तरीची एक बाई कंबरेवर हात ठेवून, डोळे मिटून, त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकत होती, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून बघत होतो. मी नसलो की बरं वाजतं, हे माझ्याच पार्टीत मला कळलं.

नंतर बायको म्हणाली, "बाळारामभाऊजी सुट्टीवर आले की तुम्ही जेवायला सुद्धा गप्प बसता." मी म्हटलं, दुकानात काम वाढतं.

पुढच्या खेपेला तू आणखी एक बातमी आणलीस. तिकडे आता भोंगे नको, ढोल नको असं झालंय. कुणीतरी छोट्या कॅसिओतला तयार ठेका बटण दाबून लावला, हळू केला, त्यावर गाणं केलं आणि सगळी गल्ली तिकडे वळली. "तुज्या पेटीतच हाय ते," म्हणालास. माझ्या कॅसिओची बटणं दाबत बसलास. म्हणालास, तोच ठेका याच्यात नाही, पण याच्यात त्याचा भाऊ आहे. तो सापडला तेव्हा तू त्याचा वेग अर्ध्यावर आणलास आणि एका बोटानं खालचे चार सूर लावलेस. पाच वर्षं मी ते वाद्य मांडीवर घेऊन बसत होतो. माझ्याच पेटीतून माझ्या ओळखीचा नसलेला आवाज आला. गजानन म्हणाला, "शेट, हे आधी का नाय काढलं?" त्यानं सहज विचारलं होतं. मला ते अजून ऐकू येतं.

त्या महिन्यात आपण ती कॅसेट केली. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, दारं-खिडक्यांना गोधड्या लावून. पहिल्या बाजूला हळदीच्या चाली. दुसऱ्या बाजूला तू आयला बसवलंस. आय म्हणजे तुझी आई भिमाबाई, तुमच्याकडच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण. तिला तू म्हणालास, की मांडवात बसलीस असं समज. खाली फक्त बेस आणि ढोलकी ठेवलीस, मला एक बटण दाबून हात काढून घ्यायला लावलंस, आणि आय गायली. मध्येच थांबून म्हणाली, "बालाराम, हा तुजा ढोल पान्यावरच्या होडीसारखा हाय. बसायला बरा." मग पुन्हा पहिल्यापासून गायली.

तूच लेबल लिहिलंस. मला ते तोंडपाठ आहे. गाणार: भिमाबाई. ढोलकी: गजानन. बँजो: रमाकांत. खालचा आवाज: बाळाराम. कॅसिओ आणि रेकॉर्डिंग: आमचा शेट. मग कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खिट्ट्या पेनानं मोडल्यास, म्हणजे चुकून कुणी वरून दुसरं काही भरायला नको. गाणं पुसलं जाणार नाही याची तू सोय केलीस. नावांची सोय करायचं तुझ्या मनात आलं नाही, कारण कॅसेट माझ्याकडेच राहणार होती.

मी शेवटी होतो, आणि नावसुद्धा नाही, 'आमचा शेट'. रात्रभर तेच डोक्यात. 'आमचा' फक्त माझ्याच नावामागे आहे, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी दिसलं.

तू जहाजावर गेलास. दोन महिन्यांनी मुंबईचा एक कॅसेटवाला हळदीची गाणी शोधत पनवेलला आला. उद्या येतो असा निरोप होता. आदल्या संध्याकाळी मी ब्लेड घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या, विचारलं, बसवलं कोणी? मी म्हटलं, मी. बाई कोण? म्हटलं, गावातली आहे एक. एवढं सोपं होतं ते. कॅसेट निघाली, कागदावर माझं नाव आणि आमच्या पार्टीचं नाव छापलं गेलं. गजानन-रमाकांतला वाटलं, कंपनीनं तसं केलं.

आणि मग आय आली. उरणहून एसटीनं, एकटी, माझ्यासाठी बोंबील बांधून घेऊन. एका हळदीला कर्ण्यावर तिनं स्वतःला ऐकलं होतं. पिशवीतून तिनं ती छापील कॅसेट काढली, कुणा मुलाकडून मागवलेली. आतला कागद माझ्यापुढे उलगडून म्हणाली, "पोरा, मना वाचता येत नाय. माजं नाव खय हाय तेवरं दाखव."

बाळाराम, तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. नजरचुकीनं राहिलं, एवढं खोटंही चाललं असतं. मी तिचं बोट धरलं आणि त्या कागदावर माणसाचं असं एकच नाव होतं त्यावर ठेवलं. म्हटलं, हे. तिनं बोट त्यावरून दोनदा फिरवलं. कागद घडी घालून पिशवीत ठेवला. बोंबील घ्यायला मला विसरू दिलं नाही.

तू मुरगाव बंदरात उतरून गोव्याच्या गाडीनं घरी येत होतास. पनवेलच्या अलीकडे पळस्प्याला गाडी थांबली तेव्हा चहाच्या टपरीवर ती कॅसेट वाजत होती. बॅग घेऊन तू तसाच दुकानात आलास. "शेट," म्हणालास, "पलस्प्याला माजा हात ऐकला मी." मग मी ते छताचं सांगितलं. मग "असंल". मग चहा. कप खाली ठेवताना तू एवढंच म्हणालास, की आयचं तरी घालायचं होतं. त्यावर मी चिडलो. चोर चिडतो तसा. म्हटलं, तू तरी काय, त्या लोकांचंच उचललंस ना, तुझं त्यात काय आहे?

तू बराच वेळ विचार केलास. तुझा हा गुण मला सहन व्हायचा नाही, की भांडणातही तू खरंच विचार करायचास. "घेतलं," म्हणालास. "पन म्हाताऱ्याचं नाव सांगून घेतलं. तुला पन सांगितलं का नाय?"

हा आपला वाद तिथंच राहिला. कितीतरी संध्याकाळी मी एकट्यानं तो पुढे चालवला, मनातल्या मनात तुला हरवलंही, पण प्रत्येक वेळी तू शेवटी हेच म्हणायचास.

तू यायचं सोडलं नाहीस, याचा मला राग होता. मित्रानं तोंड फिरवलं की माणूस सुटतो. तू मला सुटू दिलं नाहीस. दर खेपेला नवीन कॅसेट, दर खेपेला आधी माझ्याकडे. "ऐक, हा ढोलवाला बघ काय करतो." आणि मी ऐकायचो, आणि मला आवडायचं. त्या बाबतीत तू मला जे दिलंस ते कुणी दिलं नाही. आज रस्त्यानं टेम्पो गेला तरी मी त्याच्या ठोक्यांमधली जागा ऐकतो. मला वाजवता आलं नाही, ऐकता येतं. ते तुझं आहे.

एकदा, जहाजाची नोकरी सोडल्यानंतर, तू दुकानात स्टुलावर बसला होतास. माझी कपाटं रिकामी व्हायला लागली होती, कॅसेट भरून घ्यायला कुणी येत नव्हतं. बाहेर बघत तू म्हणालास, "आय आल्यागेल्याला तुजं नाव दाखवते, शेट. तिचं म्हनून."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. तिनं मी कुणाच्या तरी कॅसेटची सैल फीत गुंडाळत होतो.

"मी सांगितलं नाय तिला," तू म्हणालास. "तूच सांग कवातरी."

मी मान डोलावली. त्याला चार वर्षं झाली. दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हाही तू ते काढलं नाहीस, आणि मी मोसंबी सोलत बसलो. तुला फार सोललेली मोसंबी मी खाऊ घातली, बाळाराम.

बाराव्याला सांगायचं ठरवून आलो होतो. पण तिथं जो तो तुझं काहीतरी सांगत होता. होडी ओढायला तू कसा यायचास, कुणाच्या पोराला जहाजावर कसं लावलंस. मला वाटलं, याच्या नावाला माझ्या कागदाची गरजच काय. तोही हेवाच. जेवून परत आलो.

परवा रविवारी पुन्हा आलो. आय ओट्यावर सुपात जवळा निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये पोरा. तू आलास तर त्याचंच कोन आलं असं वाटतं." मी तिला तो कागद मागितला. तिनं तो पत्र्याच्या डब्यातून काढला. घडीवर फाटलेला, आणि एका जागी बोटानं पुसट झालेला. मी तिचं बोट धरून पुन्हा तिथंच ठेवलं.

म्हटलं, "आय, हे नाव माझं आहे. तुमचं या कागदावर कुठंच नाही."

तिनं बोट काढलं नाही. "आनि बालारामचं?"

"त्याचंही नाही."

सुपातला जवळा तिनं बाजूला सारला. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मंग माजं नाव कसं दिसतं?"

मी कागद उलटा केला आणि तुझं लेबल लिहिलं, तुझ्याच क्रमानं. गाणार: भिमाबाई. मग गजानन, रमाकांत, मग तू, मग आमचा शेट. तिचं बोट पहिल्या नावावर ठेवलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली. "एवरंसंच? मोठं लिव." मी खाली पुन्हा मोठं लिहिलं. मग तिनं तुझं विचारलं. तेही मोठं लिहिलं.

"मंग असं कशाला केलंस, पोरा?"

मी म्हटलं, "आय, बाळारामला जे ऐकू यायचं ते मला येत नव्हतं. ते मला सहन झालं नाही. म्हणून त्याचं नाव मी ब्लेडनं काढलं, आणि त्याच्याबरोबर तुमचं गेलं. चुकलो मी. तुमचाही अपराधी आहे आणि त्याचाही. मला माफ करा."